उतरलेले वजन पुन्हा चढते तेव्हा

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या वाड्यावरची गृहिणी शस्त्रक्रिया करून वजन उतरवून येते, तेव्हा पहिले वर्षभर तो साऱ्या वाड्याच्या कौतुकाचा विषय होतो. गुडघ्यांच्या दुखण्यापायी जिने देवळाच्या पायऱ्या चढणे सोडले होते, ती आता सहज वर जाऊ लागते. मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, रक्तदाब उतरतो, जुनी पोलकी उसवून लहान केली जातात. चवथीला माहेरी आलेल्या नणंदा क्षणभर तिला ओळखतही नाहीत. अशी दोन वर्षे जातात. तिसऱ्या वर्षी वजनाचा काटा एका जागी थांबतो आणि पुढे किंचित किंचित वर सरकू लागतो. सहाव्या-सातव्या वर्षी हिशेब केला, तर उतरलेल्या चाळीस किलोंपैकी बारा-पंधरा किलो परत आलेले असतात. मग त्याच नणंदांपैकी कोणी तरी माटोळीखाली बसल्या बसल्या विचारते, "वहिनी, इतका पैसा ओतून शेवटी झाले काय गो?"

या प्रश्नाला त्या गृहिणीपाशी उत्तर नसते. चूक आपलीच, आपल्या जिभेची, असे तिने मनाशी ठरवून टाकलेले असते. शस्त्रवैद्याकडे जायचे, तर ते काय म्हणतील, ही धास्ती. म्हणून ती तिकडे जाणेच सोडते. वजनाचा काटा माळ्यावर जातो आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही बंद होतात. वजन परत येणे ही गोष्ट काळजीची खरी. परंतु हे तोंड लपविणे त्याहून अधिक घातक आहे. कारण पुन्हा चढू लागलेले वजन वेळीच ओळखले, तर त्याला आवर घालण्याचे मार्ग आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ते मार्ग कोणते, हे पाहण्याआधी वजन परत का येते, हे समजून घेतले पाहिजे.

प्रश्न एकदोघांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर तीन स्त्रियांत एकीहून अधिक स्त्रीचे आणि दर तीन पुरुषांत सुमारे एकाचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत अधिक दिसून आले. जेथे स्थूलता आणि मधुमेह अशी जोडी जमली आहे, तेथे स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा विचार करणारी घरे वाढणार, हे ओघानेच आले. कोणी ती गोव्यातच करून घेतात, कोणी मुंबई-पुण्याला जातात.

ही शस्त्रक्रिया नेमके काय करते? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळण्याची शस्त्रक्रिया केली. तिच्यातून पुढे 'बायपास' या नावाने ओळखली जाणारी पद्धत विकसित झाली. या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे तीस मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दुसरी पद्धत 'स्लीव्ह' म्हणजे बाहीची. तिच्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढून टाकतात व उरलेल्या जठराची बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. दोन्हींत जागा लहान होते, हे तर उघडच आहे. परंतु खरे मर्म तेवढ्यातच नाही. भुकेची आणि तृप्तीची वार्ता मेंदूला पोहोचविणारी काही संप्रेरके जठरात आणि आतड्यात तयार होतात. घ्रेलिन या भूक चेतविणाऱ्या संप्रेरकाचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात निर्माण होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. उलट, अन्न लवकर आतड्यात उतरू लागल्यामुळे तृप्ती देणारी संप्रेरके जेवणानंतर भरपूर स्रवतात. म्हणून पहिल्या वर्षी थोडक्यात पोट भरते आणि मनही भरते. पूर्वी ज्या पदार्थासाठी जीव तुटत असे, त्याची आठवणही होत नाही.

ही स्थिती कायमची मात्र राहत नाही. या बाबतीतील सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी एक स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० व्यक्तींची तुलना तशाच स्थूल, परंतु शस्त्रक्रिया न केलेल्या २,०३७ व्यक्तींशी वर्षानुवर्षे करण्यात आली. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीने ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. त्या काळी प्रचलित असलेल्या, जठराला पट्टा बसविण्याच्या पद्धतीत हेच आकडे २० आणि १४ असे होते. म्हणजे शंभर किलोंचा माणूस अडुसष्टावर गेला आणि दहा वर्षांनी पंचाहत्तरावर आला. यात थोडे वजन परत येणे हा नियम दिसतो, अपवाद नव्हे. त्याचबरोबर दुसरी गोष्टही दिसते: तो माणूस पुन्हा शंभरावर गेला नाही. सरासरीच्या या आकड्यांआड अर्थातच पुष्कळ भेद दडलेले असतात. काहींचे वजन जेमतेम दोन किलोंनी वाढते, तर काहींचे जवळजवळ सगळे परत येते.

याचे कारण शोधू गेले, तर प्रथम शरीराच्या जुन्या स्वभावाकडे वळावे लागते. लक्षावधी वर्षे माणसाला भीती होती ती उपासमारीची, अतिपोषणाची नव्हे. म्हणून वजन घटले की शरीर ते संकट मानते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याबरोबर त्यांचे शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागले, अंगात थंडी भरू लागली आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार उरला नाही. प्रयोग संपल्यावर पुरेसे अन्न मिळू लागले, तरी त्यांची भूक कित्येक आठवडे शमली नाही. हे तरुण काही हावरट नव्हते. बोलत होते ते त्यांचे शरीर. शस्त्रक्रियेने शरीराचा हा आवाज बराच दबतो. परंतु तो कायमचा बंद होत नाही. लहान झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते आणि काही जणांत वर्षे लोटल्यावर भुकेची संप्रेरके पुन्हा जोर धरतात, तर तृप्तीची मंदावतात.

दुसरे कारण रचनेचे. बाहीसारखे केलेले जठर काही वर्षांत थोडे सैलावते. बायपासमध्ये पिशवी आणि आतडे यांच्या जोडाचे तोंड रुंद होऊ शकते. मग अन्न पिशवीत न थांबता खाली घसरते आणि भरल्यासारखे वाटत नाही. क्वचित पिशवी आणि वगळलेले जठर यांच्यामध्ये नवी वाट पडते. हे दोष बाहेरून दिसत नाहीत. दुर्बिणीने आतून पाहिल्याशिवाय किंवा बेरियम पाजून क्ष-किरणांची छायाचित्रे घेतल्याशिवाय ते कळत नाहीत. ज्याच्या शरीरात असा दोष आहे, त्याला "जिभेवर ताबा ठेव" असे सांगत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरायला सांगणे होय.

तिसरे कारण रोजच्या खाण्याचे. येथे एक विचित्र गोष्ट घडते. शस्त्रक्रियेनंतर कोरडी भाकरी, घट्ट मांस किंवा घाईने गिळलेला घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. ते टाळता टाळता माणूस नकळत मऊ, पातळ आणि गोड पदार्थांकडे वळतो. खीर, आइस्क्रीम, चहात बुडविलेला पाव, तोंडात टाकताच विरघळणारी शेव, जत्रेतून आणलेले खाजे हे सारे त्या अरुंद वाटेने अलगद उतरते. पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि ऊर्जा मात्र पुरेपूर मिळते. जेवण थोडे असते, परंतु दिवसभर चरणे चालू राहते. साधा चहाचाच हिशेब पाहावा. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे २०० कॅलरी होतात. "मी जेवत तर काहीच नाही" असे म्हणणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. ती फक्त चहा मोजायला विसरलेली असते.

मद्याचा उल्लेख येथे टाळून चालणार नाही. बायपासनंतर मद्य रक्तात फार झपाट्याने चढते. स्लीव्हनंतरही परिणाम पूर्वीसारखा राहत नाही. पूर्वी दोन पेल्यांनी येणारी नशा एका पेल्यात येते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढलेले आढळले. अन्नाचा आधार सुटला की काही माणसे मद्याचा आधार शोधतात. उन्हाळ्यात लिंबूसोड्याबरोबर हुर्राक आणि बाकीच्या ऋतूंत फेणी सहज मिळणाऱ्या प्रदेशात हा धोका घराघराने ओळखून ठेवला पाहिजे. मद्यातून ऊर्जा मिळते, पोषण मिळत नाही आणि संयमही सुटतो.

याखेरीज काही औषधांनी वजन वाढते. स्टिरॉइडे, इन्शुलिन, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरील काही औषधे त्यांत येतात. थायरॉइड मंदावणे, बाळंतपण, ऋतुनिवृत्ती, अपुरी झोप, रात्रपाळीची नोकरी, दिवसभर ट्रक किंवा टॅक्सी चालविणे, घरातील मृत्यू, मनाची उदासी हीदेखील कारणे आहेत. एकाच व्यक्तीत यांपैकी चार-पाच कारणे एकत्र काम करीत असतात. म्हणून एकाच उपायाने सर्वांना गुण येईल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

पेडणे तालुक्यात कोरगावसारख्या गावांतून किंवा डिचोलीत मांडवीच्या काठी खाजन शेती पाहिलेल्यांना हे सारे एका उदाहरणाने सहज पटेल. खाऱ्या पाण्याला अडवून भाताची जमीन राखणारा बांध एकदा घातला, म्हणजे काम संपले, असे कोणताही शेतकरी मानीत नाही. भरती दिवसातून दोनदा येतच असते. खेकडे बांधाला भोके पाडतात, पावसाने माती झिजते, मानसीची लाकडी दारे कुजतात. बोटभर भोक आज बुजविले नाही, तर काही दिवसांत त्याचे खिंडार होते आणि शेतात खारे पाणी शिरते. तेव्हा गावकरी बांध घालणाऱ्या पूर्वजांना दूषण देत नाहीत, की जमीन विकून टाकीत नाहीत. ते भोक शोधतात आणि बुजवितात. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया हा असा बांध आहे. तो भरती थोपवितो, नदी नाहीशी करीत नाही. त्याची राखण जन्मभर करावी लागते, आणि त्याला भोक पडले, म्हणजे बांध व्यर्थ ठरला असा अर्थ होत नाही.

मग राखण कशी करावी? पहिली गोष्ट म्हणजे माळ्यावरचा काटा खाली आणावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत लिहावे. एकदोन किलोंची चढउतार स्वाभाविक असते. तिने घाबरून जाऊ नये. परंतु सलग दोन-तीन महिने आकडा वरच जात असेल, तर वाट पाहत बसू नये. पाच किलोंवर आळा घालणे सोपे असते, पंचवीस किलोंवर कठीण. कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांचीही नोंद ठेवावी. वजनाबरोबर मधुमेह परत येऊ शकतो. वर उल्लेखिलेल्या स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा मधुमेह मावळला होता. दहा वर्षांनी तसे ३६ टक्के उरले. तरीही शस्त्रक्रिया न केलेल्यांत हे प्रमाण त्या वेळी १३ टक्केच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेचे कागद घेऊन डॉक्टरांना भेटावे. शस्त्रक्रिया दूरच्या शहरी झालेली असली, की पहिल्या वर्षी तीन-चार वेळा पेडण्याला कोकण रेल्वेची गाडी धरली जाते. पुढे रजा मिळत नाही, खर्च परवडत नाही, आणि संबंध तुटतो. तो तुटू देऊ नये. पण प्रत्येक वेळी तेथवर जायलाच हवे, असेही नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना, म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून सुरुवात करता येते. कोणत्या पद्धतीची शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी झाली, सर्वांत कमी वजन किती व केव्हा होते, सध्या कोणती औषधे चालू आहेत, एवढे एका कागदावर लिहून नेले, तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

या भेटीत रक्ततपासणी आवर्जून करून घ्यावी. येथे एक मोठा गैरसमज आढळतो. वजन वाढू लागले म्हणजे अन्न अंगी लागू लागले, आता गोळ्यांची गरज नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः परत येते ती चरबी. पोषण परत येतेच असे नाही. वजन वाढत असतानाही शरीरात लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि प्रथिने यांची उणीव असू शकते. विशेषतः बायपासनंतर या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. चालताना दम लागणे, हातापायांना मुंग्या येणे, हाडे दुखणे ही लक्षणे केवळ वजनाची समजून सोडून देऊ नयेत. रक्तक्षयाने थकलेला माणूस चालणार कसा, आणि चालल्यावाचून वजन आटोक्यात राहणार कसे?

तिसरी गोष्ट ताटाची. तिच्यासाठी परदेशी पावडरींचे डबे अपरिहार्य नाहीत. साधारणपणे दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा सल्ला दिला जातो. प्रथिनांनी भूक अधिक काळ थोपते आणि स्नायू टिकतात. गोव्याच्या स्वयंपाकघरात त्यांची वाण नाही. बांगडा, तारले, तिसऱ्या, अंडी, मूग, अळसांदे, कुळीथ, दही हे सारे घरचेच आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे वीस ग्रॅम, तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. बदलायचा आहे तो क्रम. आधी मासळीची तुकडी किंवा उसळ, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर उकड्या तांदळाचा भात. भाताचा डोंगर आणि त्यावर ओतलेले हुमण ही सवय मोडावी. जेवता जेवता पाणी पिऊ नये. सोलकढीही जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावी. घास लहान असावा, बारीक चावावा, आणि जेवण वीस-पंचवीस मिनिटे चालावे. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई अर्धी घ्यावी. जेवणाच्या ठरलेल्या तीन-चार वेळा सोडून तोंडात काही टाकू नये.

येथे पंचांगाकडेही लक्ष ठेवावे लागते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मासळी महागते. पाठोपाठ येणाऱ्या श्रावणात अनेक घरांतून ती वर्ज्य असते, आणि त्यानंतर चवथ येते. म्हणजे जवळजवळ तीन महिने ताटातील प्रथिने घटतात, भात व नारळ वाढतो आणि शेवटी पातोळ्या व नेवऱ्या येतात. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा यांवरच भर असतो. बाहेर पाऊस असल्याने चालणेही थांबते. वर्षाकाठी येणारी ही तीन महिन्यांची खेकड्याची भोके आधीच हेरावीत. त्या दिवसांत मोड आलेले मूग, अळसांदे, हरभरे, दही, पनीर, सोयाबीन यांची योजना करावी. सणाची नेवरी खुशाल खावी. पण एक खावी, जेवणाबरोबर खावी आणि डबा उशाशी ठेवू नये.

चौथी गोष्ट शरीरश्रमाची. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे भरभर चालणे ही सर्वसाधारण शिफारस आहे. वजन टिकविण्यासाठी त्याहून अधिक चालावे लागते. मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावरची ओली वाळू असो, मये तळ्याचा काठ असो, की शाळेचे मैदान असो, जागा महत्त्वाची नाही, नेम महत्त्वाचा. पावसाळ्यात घराच्या पडवीतही फेऱ्या घालता येतात. त्याला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड हवी. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्यानेही आरंभ होतो. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या ठिकाणी व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

इतके करूनही वजन वाढत राहिले, तर पुढचे उपाय आहेत. तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे अलीकडच्या काळात आली. त्यांपैकी लिराग्लुटाइड रोज टोचून घ्यावे लागते. सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड आठवड्यातून एकदा. शेवटची दोन २०२५ साली वजनावरील टोचणीची औषधे म्हणून भारताच्या बाजारात आली. शस्त्रक्रियेनंतर पुरेसे वजन न उतरलेल्या सत्तर रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिराग्लुटाइडने चोवीस आठवड्यांत सरासरी ८.८ टक्के वजन उतरले. ज्यांना औषधाविना नुसते टोचण दिले, त्यांचे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच उतरले. ही आशादायक बाब आहे. तथापि ही औषधे थांबविली, की उतरलेल्या वजनाचा बराचसा भाग पुन्हा येतो. त्यांनी मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. भूक आणखी घटल्यामुळे आधीच तोकडे असलेले पोषण अधिकच तोकडे पडू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. कोणा परिचिताची सुई उसनी घेऊन नव्हे.

आत रचनेचा दोष आढळला, तर रुंदावलेले तोंड दुर्बिणीतून टाके घालून अरुंद करता येते, किंवा स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करता येते. मात्र दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते व तिच्यातील धोकेही अधिक असतात. खाण्याच्या सवयी, मनःस्थिती आणि औषधे यांची छाननी झाल्याविना तिच्याकडे वळणे म्हणजे भोक न शोधता बांधावर नुसती माती लोटणे होय. "पोट पुन्हा आकसवा" अशा नावाखाली दहा दिवस केवळ पातळ पदार्थांवर राहण्याचे जे प्रयोग सांगितले जातात, त्यांना भरवशाचा आधार नाही. सतत उलट्या होणे, काळे शौच होणे, पोटात असह्य कळ येणे, जेवणानंतर दोन-तीन तासांनी घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसली, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी उरतो तो त्या नणंदेचा प्रश्न: इतका पैसा ओतून झाले काय? त्याचे उत्तर आकड्यांनी देता येते. स्वीडनच्या त्याच अभ्यासाचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की शस्त्रक्रिया केलेल्यांचे आयुर्मान तशाच स्थूल, परंतु शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक भरले. ज्यांचे काही वजन परत आले, तेही या हिशेबात होते. चाळीसपैकी पंधरा किलो परत आले, तरी पंचवीस किलोंचे ओझे गुडघ्यांवरून आणि हृदयावरून सात वर्षे उतरलेलेच होते, आणि आजही उतरलेले आहे. ही हार म्हणता येत नाही.

घरच्यांनी एवढे मात्र करावे. तिच्या ताटाकडे पाहारेकऱ्याच्या नजरेने पाहू नये, आणि "एक खाल्ल्याने काय होते" असे म्हणून आग्रहही करू नये. घरातल्या सर्वांचेच ताट थोडे बदलावे, संध्याकाळी कोणी तरी तिच्याबरोबर चालायला निघावे, आणि तपासणीच्या दिवशी दुपारच्या स्वयंपाकाची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी. नणंदेला काही विचारायचेच असेल, तर "वहिनी, डॉक्टरांकडे कधी जायचे? मी येते बरोबर," असे विचारावे. खाजनाचा बांध एकट्या शेतकऱ्याने कधी राखलेला नाही. त्यासाठी साऱ्या गावाचे हात लागत आले आहेत.